फळीच्या खेळाला सरांचे दोन अभिप्राय

आधीच सांगून टाकतो, मागून तक्रार नको. ही स्केटबोर्डच्या व्हिडिओ गेमची गोष्ट आहे, पण हिच्यात कोणीही स्केटबोर्ड चालवत नाही. जळगावात तेव्हा स्केटबोर्ड नव्हताच, बेरिंगची गाडी होती. एक फळी, खाली तीन बेरिंगा, मागून ढकलायला एक मित्र आणि पुढे गुडघे फुटायला आपण. तुम्हाला वाटत असेल की शेवटी एखादा साधा पोरगा सगळ्यांना हरवतो आणि त्याची आई पदराने डोळे पुसते, तर तसंही काही नाही. आई आहे, पण ती चिडलेली आहे. कोणी जिंकत नाही, कोणी परदेशी जात नाही. त्या एका गेमबद्दल लोक काय बोलले आणि काय लिहून गेले, एवढंच आहे. त्यातलं बरंचसं मी लिहिलं होतं, हाच काय तो घोळ.

आम्ही धुळ्याहून जळगावला आलो ते वडिलांच्या बदलीमुळे. माझ्या तोंडात आईची अहिराणी होती, वर्गात पोरं वेगळंच बोलायची, आणि मास्तर लोक पुस्तकातलं बोलायचे. नवीन पोराला दोनच रस्ते असतात, मार खा नाहीतर हसव. मी नकला करायला लागलो. स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस, भाजीवाल्या अक्का, पीटीचे मास्तर, सगळे मला यायचे. सगळ्यात चांगले यायचे आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणायचं. ते मी आठवीत असताना निवृत्त झाले, तरी त्यांची नक्कल काही निवृत्त झाली नाही. त्यांचं वाक्य लांब असायचं, मधे श्वास घ्यायला थांबायचे आणि थांबल्यावर चष्म्यातून असं बघायचे की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं. एकदा गॅदरिंगच्या तालमीत मी त्यांच्यासारखं बोलत होतो आणि ते मागे उभे होते. 'पुढचं वाक्य विसरलास' एवढंच म्हणाले आणि गेले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली होती, तिथे भाऊने व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. भाऊ म्हणजे माझा भाऊ नव्हे. चोवीस-पंचवीस वर्षांचा, सावद्याच्या केळीवाल्या घरातला, कॉलेज अर्धवट सोडून जळगावात राहिलेला. सगळी पोरं त्याला भाऊ म्हणायची. दोन टीव्ही, गेमची दोन यंत्रं, चार रिमोट, त्यातल्या एकाचं उजवीकडचं बटण मेलेलं. आणि एक कूलर. खरं सांगायचं तर एप्रिलमधल्या जळगावात पोरं कूलरसाठी यायची, गेम त्याच्यासोबत मिळायचा.

ती खोली भाऊच्या वडिलांची, म्हणजे आबांची होती. आबा सावद्याला केळी भरून गाड्या पाठवायचे, दिल्लीकडे वगैरे. त्यांना ती खोली जळगावातल्या ऑफिससाठी पाहिजे होती. भाऊने एक वर्ष मागून घेतलं होतं. ते वर्ष अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपत होतं. तोपर्यंत हा धंदा चांगला आहे असं आबांना पटलं तर खोली भाऊची, नाही पटलं तर भाऊ सावद्याला आणि खोलीत टेलिफोन. भाऊला केळीचा राग नव्हता. त्याला फक्त सकाळी सहाला बागेत उभं राहायचं नव्हतं.

आता आबा कसे होते ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आबा स्वतः कुणाच्या बागेत माल बघायला जायचे नाहीत. त्यांचा एक विश्वासाचा माणूस जायचा, बाग फिरायचा, घड बघायचा आणि चिठ्ठी लिहून द्यायचा. माल कसा आहे, कधी कापायचा, घ्यायचा की नाही. त्या चिठ्ठीवर गाडी निघायची. आबा म्हणायचे, "आपला डोया आपल्याले फसवते. त्याले पाह्यजे तेच तो पाहते. दुसऱ्याचा डोया बरा." म्हणून ते दुकानात यायचे तेव्हासुद्धा टीव्हीकडे पाठ करून बसायचे. गेम त्यांनी एकदाही बघितला नाही. भाऊला म्हणाले, "मले दाखवू नको. चांगल्या मानसायले दाखव अन् लिहून घे. वही ठेव."

म्हणून काउंटरवर अभिप्राय वही आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, सुतळीने पेन बांधलेलं. पहिल्या पानावर भाऊने स्वतःच्या अक्षरात 'अभिप्राय' लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग ती वही महिनाभर कोरी राहिली. कारण चांगली माणसं व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरत नसत. ती दारासमोरून जाताना आतल्या पोरांमध्ये आपलं कोणी आहे का एवढं बघायची.

परीक्षा संपल्या त्या आठवड्यात भाऊ मुंबईहून नवीन कॅसेट घेऊन आला. आमच्याकडे होत्या त्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं की आत हजारो गेम आहेत, आणि निघायचे सात. तेच सात परत परत, रंग बदलून. ही नवीन कॅसेट म्हणजे एकच गेम होता. भाऊचं म्हणणं होतं की ज्याच्यात एकच आहे ते खरं असणार. त्याने कॅसेटला फुंकर मारली, आत दाबली आणि बाजूला झाला. आम्ही बारा-पंधरा जण बघत होतो.

पडद्यावर रस्ता आला. रस्त्यावर टोपी उलटी घातलेला एक पोरगा, त्याच्या पायाखाली चाकांची फळी. तो आपोआप पुढे जायला लागला. पुढे फुटपाथ आला, पोरगा धडकला आणि पडला. उठला, निघाला, पाण्याचा नळ आला, पडला. मग कुत्रं आलं. तीन वेळा पडल्यावर गेम संपला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

जगात या गेमचं कुठे कुठे काय परीक्षण छापून आलं मला माहीत नाही. आमच्या खोलीत आलं ते असं.

"याला मारामारी नाही का?"

"बंदूक घेत नाही तो?"

"कोणाला सोडवायचं आहे शेवटी? काहीतरी पाहिजे ना सोडवायला."

"भाऊ, ब्रेक नाही याच्या गाडीला."

"एवढ्या पोराला रस्त्यात सोडलं कोणी?"

एक जण, ज्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तो बराच वेळ पडद्याच्या जवळ जाऊन बघत होता. तो म्हणाला, "बेरिंग चांगली आहे." एवढं एकच चांगलं मत आलं. बाकी सगळे जुन्या सात गेमकडे परत गेले. भाऊ एकटाच रिमोट घेऊन बसला. तो जीभ बाहेर काढून खेळत होता आणि पोरगा पडत होता.

दोन-तीन दिवस असं चाललं. मग मला वाईट वाटलं म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून मी मागून बोलायला लागलो. भाऊ खेळतोय आणि मी स्टँडवरच्या माणसाच्या आवाजात, "चाळीसगावकडे जाणारा पोरगा फलाट क्रमांक तीनवर पडलेला आहे. प्रवाशांनी त्याला ओलांडून जावे." पोरं वळली. पुढच्या वेळी भाजीवाल्या अक्कांच्या आवाजात, "पडला का रे बाबू? लागलं का? वांगं दबलं का माझं?" मग सरांच्या आवाजात, "मुलांनो, हा मुलगा वर्गात लक्ष देत नव्हता. आज तो कुठे आहे? नळावर." पोरं हसून हसून टीव्हीसमोर येऊन बसली. कोणाला तरी रिमोट पाहिजे झाला, कारण त्याला स्वतःला पडायचं होतं आणि त्यावर मी काय बोलतो ते ऐकायचं होतं. आठवड्याभरात दुपारी फळीसाठी नंबर लागायला लागले. गेमचं खरं नाव काय होतं ते कोणी वाचलंच नाही, सगळे 'फळी' म्हणायचे. आणि मग मी बोललो नाही तरी पोरं खेळायची. थोडी थोडी उडीही मारायला लागली. सायकलवाल्याचा पोरगा दुसऱ्या स्टेजला पोचला. मी स्वतः कधी पहिल्या स्टेजच्या कुत्र्याच्या पुढे गेलो नाही. माझं काम बोलण्याचं होतं.

पोरं आली, पण पोरांचं मत आबांच्या काय कामाचं? वही कोरीच होती. अखाजी दहा-बारा दिवसांवर आली.

एके दिवशी भाऊ जेवायला गेला आणि मला म्हणाला, "जरा बस रे, कूलरला पाणी टाक." मी पाणी टाकलं. खोलीत कोणी नव्हतं. समोर वही होती आणि सुतळीला पेन होतं.

पहिला अभिप्राय मी तालमीतल्या वस्तादांचा लिहिला. 'या खेळात पोरगं पडते. पडल्याबिगर पैलवान होत नाही. खेळ चांगला हाये. पोरांनी बदाम खावे.' खाली आडवी-तिडवी सही. मग कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. 'खेळताना मुले दातओठ खाताना आढळली, तथापि दातांवर दुष्परिणाम दिसून आला नाही.' इथपर्यंत गंमत होती आणि मी थांबायला हरकत नव्हती. पण हात गरम झाला होता. मी पान उलटलं आणि सरांचा लिहायला घेतला.

तो मला अजून पाठ आहे. 'आजच्या धकाधकीच्या युगात, जेव्हा बालकांचे पाय जमिनीवर राहिलेले नाहीत, तेव्हा प्रस्तुत खेळातील बालक चाकांच्या फळीवर उभे राहून जीवनाचा तोल साधू पाहते, ही बाब मननीय आहे. ते पडते, परंतु रडत नाही. अंती ते डोंगराच्या माथ्यावर पोचते आणि खाली पसरलेले गाव पाहते, तेव्हा प्रेक्षकाचे डोळे पाणावल्यावाचून राहत नाहीत. हा स्तुत्य उपक्रम आहे.' खाली सही. ती तर प्रगतिपुस्तकावर बघून बघून माझी स्वतःचीच झाली होती.

डोंगर कुठून आला? सरांच्या प्रत्येक भाषणात शेवटी कोणीतरी डोंगरावर पोचायचं. गेमच्या शेवटी काय आहे ते मला माहीत नव्हतं, पण सरांच्या शेवटी काय असतं ते माहीत होतं.

भाऊ जेवून आला. त्याने वाचलं. वस्तादांवर हसला, डॉक्टरांवर जोरात हसला, सरांचा वाचून झाल्यावर मात्र हसला नाही. दोनदा वाचला.

"फाडू का?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "डोंगर खरंच आहे का रे शेवटी?"

"असेल."

आबा अखाजीच्या आधी दोन दिवस आले. नेहमीसारखे टीव्हीकडे पाठ करून बसले, चष्मा लावला, एकेका शब्दाखाली बोट फिरवत तिन्ही अभिप्राय वाचले. वस्तादांवर मान हलवली. डॉक्टरांना म्हणाले, "मानूस बरा हाये." सरांच्या अभिप्रायावर त्यांचं बोट थांबलं. भाऊ कूलरशी काहीतरी करत होता, म्हणजे काहीच करत नव्हता.

"सर स्वतः आलते?"

"हो," भाऊ म्हणाला.

"बसले?"

"बसले की."

आबांनी वही मिटली. "मंग दिवायीपर्यंत पाहू," म्हणाले. भाऊने त्या दिवशी सगळ्या पोरांना बर्फाचा गोळा खाऊ घातला. मला दोन. अखाजीला तो सावद्याला गेला आणि परत आला, सोबत आईने दिलेल्या सांजोऱ्या. पंधरा दिवस दुकान चांगलं चाललं. मी त्याला माझंच दुकान समजायला लागलो होतो.

मग मे महिन्यात गल्लीतल्या एका लग्नात आबा आणि सर एका पंगतीला शेजारी बसले. मी वाढपी होतो, हातात वरणाची बादली. आबांनी जेवणावरून हात काढून नमस्कार केला.

"सर, तुमचं वाचलं मी. डोंगराचं लय चांगलं लिहिलं तुम्ही."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते भातात खड्डा करत होते. "हं," म्हणाले, "चांगल्या उपक्रमाला चार शब्द दिले पाहिजेत."

मी त्या खड्ड्यात जास्तच वरण ओतलं.

माझी समजूत होती की सर नाही म्हणतील आणि तिथेच सगळं संपेल. पण सर निवृत्त झाल्यापासून सगळ्या गावाला अभिप्राय देत होते. पिठाच्या गिरणीला दिला होता, रसवंतीला दिला होता, मेहरूणच्या तळ्याकाठी कोणी फुलझाडांचं प्रदर्शन भरवलं तर त्यालाही दिला होता. आपण कुठे काय शब्द लिहिले हे त्यांना आठवत नसे. कोणी आभार मानले की ते स्वीकारायचे. त्यांना खरंच वाटलं की आपण लिहिलं असेल. आणि तेच त्यांना खटकलं असणार, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला, डोक्यावर ओला पंचा टाकून, ते दुकानात आले.

आत आठ-दहा पोरं होती. सगळी उभी राहिली. सरांनी वही मागितली. उभ्यानेच वाचली. मी दोन टीव्हींच्या मधल्या जागेत होतो आणि तिथून बाहेर जायला रस्ता नव्हता.

"बरं लिहिलंय," सर स्वतःशीच म्हणाले. मग भाऊला, "तो डोंगर दाखवा."

"सर, ते... शेवटी येतो तो. फार पुढे."

"मग शेवटापर्यंत चला."

सायकलवाल्याच्या पोराला बसवलं. तो दुसऱ्या स्टेजला पडला. सर म्हणाले, "पुन्हा." तो पुन्हा पडला. सर खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते इकडे द्या." रिमोट हातात घेतला आणि सगळ्यात आधी उजवीकडचं बटण दाबून बघितलं. "हे चालत नाही. दुसरं द्या."

सर पहिल्या दिवशी दोन तास खेळले. पडले की नाकातून श्वास सोडायचे. पोरं मागे उभी, सगळं शांत, फक्त कूलर आणि गेमचं ते टिणटिण संगीत. मला मागून बोलायची हजार वेळा इच्छा झाली. नक्कल नव्हे, खरं. 'सर, डोंगर नाही, तो मी लिहिला' हे सहा शब्दांचं वाक्य आहे. मी ते मनात स्टँडवरच्या आवाजात म्हणून बघितलं, अक्कांच्या आवाजात म्हणून बघितलं. माझ्या स्वतःच्या आवाजात ते निघेना.

दुसऱ्या दिवशी सर कागद घेऊन आले. कुत्रं कधी येतं, नळ कुठे, उडी कुठे मारायची, सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि सायकलवाल्याच्या पोराला शेजारी बसवून त्याला वाचायला लावलं. "पुढे काय?" "कुत्रं सर." "मग?" "मग नळ, मग डबल उडी." ते दुसरी स्टेज पार करून गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तर सरांनी मागे वळून बघितलं आणि टाळ्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी ते तिसऱ्या स्टेजला पोचले. तिथे पाणी नसलेला मोठा हौद होता, गोल काठांचा, आणि फळीवरचा पोरगा त्यात या काठावरून त्या काठावर जायचा, वर हवेत उडायचा, परत यायचा. आमच्यापैकी कोणीच ते बघितलं नव्हतं. सर त्या हौदात बराच वेळ होते. मग हौद संपला, पडद्यावर इंग्रजीत अभिनंदन आलं आणि पुन्हा पहिला रस्ता सुरू झाला. तोच फुटपाथ, तेच कुत्रं.

सरांनी रिमोट खाली ठेवला. घड्याळ बघितलं. वही मागितली आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर पाणी प्यायले आणि गेले.

त्यांनी लिहिलं होतं, 'खेळ सुबक आहे. मुलगा पडतो त्याच वेगाने उठतो, हे चांगले. मागे जाता येत नाही, त्यामुळे चूक सुधारता येत नाही, फक्त पुन्हा करता येते. संगीत तेच तेच आहे, पण कूलरच्या आवाजात खपते. तिसऱ्या टप्प्यातला रिकामा हौद फार चांगला जमला आहे. तो पाहण्यासाठी मी पुन्हा येईन. पूर्वीच्या अभिप्रायात डोंगराचा उल्लेख आहे. डोंगर आढळला नाही. तो उल्लेख रद्द समजावा.' खाली सही. दोन्ही सह्या एकसारख्या होत्या.

भाऊला आनंद झाला. खरा अभिप्राय, खऱ्या माणसाचा, तीन दिवस खेळून दिलेला. त्याने वहीला नवीन कव्हर घातलं. पुढच्या आठवड्यात आबा आले तेव्हा त्याने आपणहून वही पुढे केली. मीही तिथेच होतो. आता भीतीचं कारण उरलं नाही असं वाटत होतं.

आबांनी वाचलं. मग एक पान मागे गेले, जुना वाचला. पुढे आले, नवीन वाचला. असं तीन वेळा.

"पहिल्या चिठ्ठीत डोंगर हाये," ते म्हणाले. "दुसऱ्या चिठ्ठीत डोंगर नाही."

"आबा, ते सरांचं जरा चुकून—"

"बाग तीच. मानूस तोच. महिन्याभरात चिठ्ठी फिरली." त्यांचा आवाज अजिबात वाढला नाही. "एक तर तवा त्यानं न पाहता लिवलं, नाहीतर आता त्याले काहीतरी दिसलं. दोन्हीत मी गाडी भरत नाही."

"पण दुसऱ्यात चांगलं लिहिलंय. हौदाचं वाचा ना."

"हौदाचं चांगलंच हाये. पन चिठ्ठी फिरली."

भाऊने माझ्याकडे बघितलं. तो सांगू शकत होता. पहिला अभिप्राय सरांचा नाही, या पोराचा आहे, असं म्हणाला असता तर सरांचा एकच अभिप्राय उरला असता, आणि तो चांगला होता. पण मग 'सर स्वतः आलते?' ला 'हो' कोणी म्हटलं, हेही निघालं असतं. तो कूलरकडे वळला. मीही नाही सांगितलं. आबांनी वही मिटून काउंटरवर ठेवली, टोपी घातली आणि एक तारखेपासून टेलिफोन येईल म्हणाले.

दोन टीव्ही चाळीसगावच्या एका माणसाने नेले, फळीची कॅसेट त्यांच्यासोबत गेली. कूलर ऑफिसला राहिला. भाऊ एका सकाळी सावद्याच्या गाडीत बसला. पोरांना टाटा केला, मला केला नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात सरांनी मला घरी बोलावलं. दुपारी त्यांच्या ओट्यावर. ते बंद पडलेल्या दुकानासमोरून गेले होते, आत रंगकाम बघितलं होतं आणि रंगाऱ्याकडून आबांचं म्हणणं त्यांच्या कानावर आलं होतं.

"बस," सर म्हणाले. "माझ्यासारखं बोलणारे या गावात दोन जण आहेत. एक मी आहे."

मी बसलो.

"मी गिरणीला अभिप्राय दिला, तेव्हा दळण आणून बघितलं होतं. रसवंतीचा दिला, तेव्हा दोन ग्लास प्यायलो होतो. तू काय केलंस? कुत्र्याच्या पुढे गेलास का कधी?"

"नाही सर."

"मग डोंगरावर कसा पोचलास?" ते थांबले, चष्म्यातून बघितलं. "माझी भाषा घेतलीस त्याचं मला काही नाही. ती कोणीही घ्यावी. माझी सही घेतलीस, आणि मी तीन दिवस त्या खुर्चीत बसून स्वतःलाच खोटं ठरवत होतो तेव्हा मागे उभा राहून बघत होतास. मला वाटलं, वय झालं. मी बायकोला म्हणालो, मला आठवत नाही गं. ती रडली. तुला गंमत वाटत होती?"

"नाही सर."

"मग काय वाटत होतं?"

मी ओट्याच्या कडेचा चुना नखाने खरवडला. सर म्हणाले, "आता आईला सांग आणि उद्या सावद्याला जा. आबांना सांग. मी सांगितलं तर ते म्हणतील, चिठ्ठी पुन्हा फिरली."

आईला सांगितलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं, म्हणजे मारणार नव्हती, म्हणजे जास्त वाईट. "तुले लाज शे का रे?" म्हणाली. "दुसरासना नावखाल लिखस? आम्ही आठे कोणना भरवशावर राहतस?" आठे म्हणजे इथे, या परक्या गावात. बाकी मी लिहीत नाही.

सकाळच्या एसटीने सावद्याला गेलो. आबा घराच्या ओसरीवर बसले होते, समोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच, माझ्या स्वतःच्या आवाजात, आणि तो आवाज मलाच अनोळखी वाटला. आबांनी मधे एकदाही अडवलं नाही. झाल्यावर त्यांनी गठ्ठा बाजूला केला.

"वस्तादाचं?"

"ते पण मीच."

"डाक्टरचं?"

"मीच."

"म्हंजे अख्ख्या वहीत खरी चिठ्ठी एकच. तिले मी खोटं ठरवलं." मग बोलायला लागले आणि थांबले नाहीत. "तुले काय वाटलं, बुढ्ढा केयीवाला, त्याले काय समजते, लिहून टाक काहीही? मी तीस वर्सं दुसऱ्याच्या डोयानं धंदा केला. एकानं फसवलं नाही. तू दहावीतलं पोरगं, पेनानं फसवलं. अन् तो माहा पोरगा. त्यानं मले तोंडावर हो म्हटलं. त्याले मी काय म्हनू आता? खोली तर गेली, रंग झाला, टेलिफोन आला. ते काही फिरत नाही. पन तो रोज बागेत उभा राहते अन् माह्याकडे पाहत नाही, अन् मले वाटे केयीचा राग हाये त्याले. मान खाली काय घालतो? वर पाह्य. मले सांगून मोकया झाला का तू? त्याले कोन सांगन, का बापाले आता समजलं, त्याच्या दुकानाले खरी चिठ्ठी आलती अन् बापानं ती वाचून बी वाचली नाही? मी सांगू? तू सांग जाय. नाल्याच्या पलीकडे बाग हाये, तिसऱ्या बांधावर दिसन तो. चप्पल हातात घे, रातीपासून पानी सोडेल हाये. जाय, उभा काय राह्यला?"